तळ्यावर मतदान

तुम्ही मनवेलपाड्यात राहता, म्हणून सोपाऱ्यापासून सुरुवात करू. विरार पूर्वेच्या तुमच्या गल्लीतून निघा, रेल्वेचे रूळ ओलांडा आणि नालासोपारा पश्चिमेची वाट धरा. जसजशा इमारती मागे पडतील, तसतशी वर्षंही मागे पडतील. आधी मोबाइलचे मनोरे जातील, मग विजेचे खांब, मग रेल्वे, मग पोर्तुगीजांची चर्चं. आज ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात तिथे पोचाल, तेव्हा इसवीसनपूर्व तिसरं शतक चालू असेल. खाडीत जहाजं नांगरलेली आहेत. हे शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. सम्राट अशोकाच्या आज्ञा इथे दगडावर कोरल्या जात आहेत. त्यांतल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे दोन हजारांहून अधिक वर्षांनी याच परिसरात सापडणार आहेत.

भिक्षूंची सभा भरली आहे. तुम्ही कडेला बसा. वाद कशावरून चालला आहे ते तुम्हाला कळणार नाही, पण सभेची रीत लगेच ओळखीची वाटेल. आधी एक जण प्रस्ताव मांडतो. त्याला ज्ञप्ती म्हणतात. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचं, ज्याला मान्य नाही त्याने बोलायचं. एकमत होत नाही, तेव्हा शलाका काढल्या जातात. या लाकडाच्या रंगीत काड्या म्हणजेच मतपत्रिका. काड्या वाटायला संघाने एक भिक्षू निवडलेला आहे आणि पक्षपात, द्वेष, मोह, भय यांपासून तो मुक्त असावा अशी अट आहे. मत गुप्तपणे घेता येतं, कानात सांगून घेता येतं, उघडही घेता येतं.

विनयपिटकातला पुढचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. दहा परिस्थितींत घेतलेलं मत अवैध मानलं जातं. विषय क्षुल्लक असेल तर मत अवैध. मत घेतल्याने संघ फुटणार असेल तर अवैध. भिक्षू स्वतःच्या समजुतीप्रमाणे काडी उचलत नसतील तर अवैध. आणि धर्माला सोडून बोलणाऱ्यांचीच संख्या जास्त भरणार हे काडी वाटणाऱ्याला ठाऊक असेल, तरीही ते मत अवैध. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बहुमत मोजणाऱ्या माणसांनी बहुमताच्या वर काहीतरी ठेवलं होतं. त्यांनी त्याला धम्म म्हटलं.

या व्यवस्थेत एक धोका आहे. अधर्म कोणता हे ठरवायचं एका भिक्षूने. तो सज्जन असेल तर संघ वाचेल. तो सज्जन नसेल तर बहुमतही जाईल आणि धम्मही. माणसाच्या चांगुलपणावर टांगलेली मर्यादा मला पुरेशी वाटत नाही. पण मर्यादाच नसेल तर काय होतं तेही पाहून या.

बंदरातून पश्चिमेला जाणारं जहाज धरा आणि आणखी दीडशे वर्षं मागे जा. इसवीसनपूर्व ४०६, अथेन्स. नगराचे पुरुष नागरिक टेकडीवर जमले आहेत. स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत, परके नाहीत. जे आहेत त्यांच्यापुरती मात्र ही शुद्ध लोकशाही आहे. मध्ये कोणी प्रतिनिधी नाही, जमलेल्यांचा कौल हाच कायदा. आर्गिन्युसीच्या समुद्रात अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाला हरवलंय, पण लढाईनंतर वादळ उठलं आणि बुडत्या जहाजांवरचे खलाशी वाचवता आले नाहीत. लोक संतापलेत. या प्रकरणाची आधी एक सभा झाली होती, ती अंधार पडून वर केलेले हात दिसेनासे झाले म्हणून पुढे ढकलली गेली. आज प्रस्ताव असा आहे की सगळ्या सेनापतींचा निकाल एकाच मतदानात लावायचा. प्रत्येक आरोपीचा खटला वेगळा चालवायचा ही अथेन्सची स्वतःचीच रीत. कोणी तरी उठून ती आठवण करून देतो. लोक ओरडतात, जनतेला हवं ते करण्यापासून अडवणारे तुम्ही कोण? सभेच्या कामकाजाचे जे अधिकारी आहेत ते आधी कचरतात, मग एकेक करून मान तुकवतात. एकच जण शेवटपर्यंत नकार देतो. त्याचं नाव सॉक्रेटिस. त्याच्या नकाराने काही थांबत नाही. हाती लागलेल्या सहा सेनापतींना ठार केलं जातं. थोड्याच काळाने तेच नागरिक पस्तावतात आणि ज्यांनी आपल्याला भडकवलं त्यांच्यावर खटले भरायला निघतात. मेलेले सहा जण तोवर मेलेलेच असतात.

अथेन्सचं हे उदाहरण पुस्तकांत नेहमी येतं, आणि ते लांबचं म्हणून वाचून सोडून देता येतं. आपलं उदाहरण विरारपासून दिवसभराच्या अंतरावर आहे.

४ ऑगस्ट १९२७. तुम्ही महाडला आहात. नगरपालिकेची सभा आहे. तुम्ही एका सभासदाच्या खुर्चीत बसला आहात आणि थोड्याच वेळात तुम्हाला मत द्यायचं आहे. विषय चवदार तळं.

मत देण्याआधी मागची चार वर्षं मनात आणा. बरोबर याच तारखेला, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता : सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने, म्हणजे तुम्ही आता बसला आहात त्याच सभेने, चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते. ठराव कागदावर राहिला, तळ्याकडे कोणी फिरकू शकलं नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ला महाडात परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसं पाणी नेत होती. तरी त्या दिवशी गावात अफवा पसरली, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, आणि मागाहून पंचगव्याचे घडे ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं.

आता खोलीत या. प्रस्ताव आहे, १९२४चा ठराव रद्द करावा. बोलणारे बोलून झालेत. प्रत्येक जण गावाच्या भावनेबद्दल बोलतो आहे. मतं घेतली जातात. ठराव रद्द होतो.

या खोलीत कुठेही नियम मोडलेला नाही. सभा रीतसर बोलावलेली आहे, बहुमत खरं आहे, इतिवृत्तात नोंद होईल. तेव्हा नगरपालिकेचा मताधिकार मोजक्यांनाच होता, त्यामुळे हे सगळ्या गावाचं मत नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण १९२७च्या महाडात प्रत्येक स्त्रीपुरुषाला तळ्याच्या काठावर बोलावून मत घेतलं असतं, तर निकाल वेगळा लागला असता का? मला तसं वाटत नाही. अस्पृश्य तिथेही संख्येने कमीच भरले असते. शुद्ध लोकशाहीने त्या दिवशी त्यांना आणखी मोठ्या फरकाने हरवलं असतं.

तुम्ही खुर्चीतून उठू नका, पुढची दहा वर्षं इथूनच पाहा. १२ डिसेंबर १९२७ला महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला : तळं आमचं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी हजारो लोक पुन्हा महाडात जमले, जीव द्यायची तयारी ठेवून आले. आणि बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. न्यायालयाचा हुकूम आहे, तो मोडायचा नाही. २५च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावला नाही. ज्या माणसाला गावाच्या बहुमताने पाणी नाकारलं, तो कायद्याचा शब्द पाळून थांबला. नुसत्या गर्दीला न जमणारी ही गोष्ट आहे, आणि प्रजासत्ताक म्हणजे काय याचा इतका जिवंत धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया होते. (१९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड हेच.) अस्पृश्य जिंकले. पण निकाल कशाच्या आधारे आहे ते नीट वाचा. माणूस म्हणून त्यांचा पाण्यावर समान हक्क आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. म्हणायला तसा कायदाच नव्हता. अनादी वहिवाट दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. उद्या दुसऱ्या एखाद्या गावात एखाद्या जातीने वहिवाट भक्कमपणे सिद्ध केली असती, तर? दहा वर्षं लढून मिळालेला हक्क पुराव्याच्या त्रुटीवर उभा होता.

ही जखम सोबत घेऊन दिल्लीला चला. संविधान सभेत आज २५ नोव्हेंबर १९४९ आहे. बाबासाहेब शेवटचं मोठं भाषण करत आहेत. मनवेलपाड्याहून आलेल्या माणसाचे कान टवकारावेत असं काहीतरी ते मध्येच सांगतात : संसदीय कामकाज या देशाला नवं नाही, बौद्ध भिक्षुसंघांना प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं माहीत होतं. तुम्ही सोपाऱ्यात पाहिलेल्या काड्या दिल्लीच्या सभागृहात पोचल्या आहेत. तेव्हा ती रीत भारताने गमावली, आताही गमावणार का, हा त्यांचा घोर आहे.

संविधानातलं कलम १५ काढून पाहा. दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक जागा यांची नावं घेऊन सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून त्यांच्या वापरात कुणालाही अडवता येणार नाही. जगातल्या फारच थोड्या राज्यघटनांत तळ्याचा आणि विहिरीचा असा उल्लेख असेल. त्या ओळीत महाड आहे. कलम १७ने अस्पृश्यता संपवली. कलम १३ सांगतं की मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा टिकणार नाही, तो करणाऱ्यांच्या मागे कितीही मोठं बहुमत असो. आणि कलम ३२ प्रत्येकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार उघडून देतं. त्या कलमाला बाबासाहेब संविधानाचा आत्मा म्हणाले होते.

शुद्ध लोकशाहीत जमलेल्यांचं बहुमत हा शेवटचा शब्द असतो. प्रजासत्ताकात तो शेवटचा नसतो. आपण प्रतिनिधी निवडतो, ते बहुमताने राज्य चालवतात, पण काही गोष्टी त्यांच्याही हाताबाहेर आणि आपल्याही हाताबाहेर आधीच लिहून ठेवलेल्या असतात. सोपाऱ्याच्या भिक्षूकडे असलेला अधिकार एका सज्जनाच्या हातून काढून लिखित कायद्याकडे आणि कारणं देऊन बोलणाऱ्या न्यायालयाकडे दिला गेला. तळ्यावर मतदान घ्यायचंच नाही, हे त्या कायद्यात ठरलं.

पण माझा कौल सरसकट वरच्या सभागृहांच्या बाजूने आहे असं समजू नका. ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्यांवर कठोर टीका केली आणि राज्याचा घटक गाव न मानता व्यक्ती मानली. ते ऐकून अनेक सभासद दुखावले, आणि मग त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम ४० घटनेत आलं. दोन्ही बाजूंना कारण होतं. गावात जगलेल्या अस्पृश्याला गावाच्या बहुमताची भीती वाटणारच. आणि गावाला विचारल्यावाचून गावाचं भवितव्य ठरवणं हाही अन्यायच.

तो दुसरा अन्याय पाहायला दूर जायला नको. २००९ सालच्या वसईत उतरा. वाघोली, निर्मळ, गास या पट्ट्यात केळीच्या बागा आहेत, पानवेली आहेत, फुलांच्या वाड्या आहेत. ३ जुलै २००९ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांचा विरोध तीव्र होता. महापालिका आली की वाड्या जातील, टॉवर येतील, ग्रामसभा संपेल, हे लोक रस्त्यावर उतरून सांगत होते. २०११ साली राज्य सरकारने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. वर्षानुवर्षं प्रकरण चाललं आणि २०२४ साली सरकारने ती गावं महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला.

गावाच्या ओट्यावर उभं राहून मोजलं तर बहुमत ‘नको’ म्हणत होतं. २०११च्या जनगणनेत सगळ्या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्या घेऱ्यात मोजलं तर ही गावं मूठभर. घेरा कुठे आखायचा हे ठरलं की निकाल लागलाच, आणि तो घेरा मतदार आखत नाहीत. म्हणून नुसतं ‘लोकांना विचारा’ म्हणून भागत नाही. कुठल्या लोकांना, हे कोण ठरवणार, आणि हरलेल्यांसाठी काय राखून ठेवणार, हेही विचारावं लागतं.

उलट प्रतिनिधीच नसतील तर काय होतं, ते तुम्ही मनवेलपाड्यात अलीकडेच भोगलंत. महापालिकेची मुदत जून २०२०मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. मधली पाच वर्षं आणि वर काही महिने प्रशासक. गटार तुंबलं तर जाब विचारायला नगरसेवक नव्हता. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला तुम्ही निवडलेलं नसतं आणि पुढच्या वेळी पाडताही येत नाही. घटना शाबूत, न्यायालयं उघडी आणि सभागृह रिकामं, अशा राज्याला मी अर्धंच प्रजासत्ताक म्हणेन.

आता आजच्या तारखेला या. मनवेलपाड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा. शहरात राहणाऱ्या माणसाला शुद्ध लोकशाहीचा अनुभव येतो तो याच एका जागी, कारण इथे तुमच्या वतीने कोणी मत देत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा मेंटेनन्स दीड वर्ष थकला आहे. ते घर भाड्याने राहणाऱ्यांचं नाही, मालकाचंच आहे, पण नोकरी गेली आहे.

“त्यांची पाण्याची लाइन बंद करा. आपोआप भरतील,” मागून कोणी तरी म्हणतं.

“काका, घरात लहान मूल आहे हो.”

“मग आम्ही काय फुकट भरतो? मत घ्या. अध्यक्षसाहेब, मत घ्या.”

मत घेतलं तर ठराव मंजूर होईल, हे सगळ्यांना दिसतं आहे. तुमच्याही खिशातून त्यांचं पाणी जातंय, त्यामुळे राग तुम्हालाही आहे आणि तो खोटा नाही. पण उठा आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०चं कलम ७२ वाचून दाखवा. सोसायटीचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे आहे, असं ते कलम सांगतं, पण त्याची सुरुवातच अशी आहे की या अधिनियमाच्या आणि नियमांच्या अधीन राहून. थकबाकी वसूल करायची वाट कायद्यात आहे : उपनिबंधकांकडे अर्ज, वसुली दाखला, जप्तीपर्यंत सगळं. ती वाट लांबची आहे, कंटाळवाणी आहे. पाणी तोडायची वाट दहा मिनिटांची आहे. त्या दोन वाटांमधलं अंतर महाडने दहा वर्षं चालून काढलं. अध्यक्षांना सांगा, हा विषय मताला टाकता येत नाही, वसुलीच्या अर्जाचा ठराव मांडा. त्या ठरावाला तुम्हीही हात वर करा.

या घराचं पाणी जिथून येतं तिथपर्यंतही जायला हवं. वसई-विरारला मोठा पुरवठा सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून होतो. हे धरण विक्रमगड तालुक्यात, आदिवासी मुलखात. ते बांधलं गेलं मुख्यतः शेतीसाठी, आणि पुढे पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. सूर्या प्रादेशिक योजनेत एकट्या वसई-विरारसाठी रोज १८.५ कोटी लिटर पाणी ठरलं आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेला शेतकरी, धरणासाठी जमीन गेलेलं आदिवासी कुटुंब यांची तक्रार वर्षानुवर्षं हीच आहे की आमच्या नावाने बांधलेल्या धरणाचं पाणी आम्हाला आधी द्या.

पालघर जिल्ह्यात उद्या या पाण्यावर मत घेतलं तर कोण जिंकेल? तुम्ही. कायम तुम्हीच. महाडच्या सभेतल्या खुर्चीवर बसलेलं बहुमत इथे तुम्ही आहात. तहान तुमचीही खरी आहे, टँकरचे पैसे तुम्हीही मोजता, म्हणून हा प्रश्न सोपा नाही. पण १९९६चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, अशाच ठिकाणी उभा राहतो. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय करायलाच हवा, गावाच्या साधनसंपत्तीचं रक्षण करायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तो सांगतो. विक्रमगड तालुका या क्षेत्रात येतो. संख्येने लहान असलेल्यांना मोठ्या घेऱ्यात हरू न देण्यासाठी प्रजासत्ताकाने त्यांच्या ग्रामसभेला दिलेलं हे बळ आहे. थेट लोकशाही आणि लिखित मर्यादा इथे एकमेकींचा हात धरतात.

तुमच्या प्रभागात आता पुन्हा नगरसेवक आहेत. ते मत मागायला आले तेव्हा तुम्ही पाणी मागितलंत, ते बरोबरच केलंत. आता पुढच्या भेटीत आणखी एक गोष्ट मागा : सूर्याचं जास्तीचं पाणी शहराला आणताना धामणीखालच्या शेतांसाठी किती पाणी राखलं आहे आणि तिथल्या ग्रामसभांनी काय म्हटलं आहे, याचं लेखी उत्तर. ते उत्तर सोसायटीच्या सूचना फलकावर लावा.